स्वभावाच्या इंग्रजी शब्दांची केस हिस्टरी



काही दिवसांपूर्वी सत्तरीच्या घरातले एक काका दवाखान्यात आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे जवळजवळ आपटलाच. "डॉक्टर, तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाले.

मला काही कळेना. दोन-तीन महिने त्यांच्या पोटात उजवीकडे, बरगड्यांच्या खाली, जेवणानंतर दुखत होतं. घरचे म्हणत, रिटायर झाल्यापासून बाबांना दुखण्यांचा छंद लागलाय. मी त्यांना तपासलं, सोनोग्राफी लिहून दिली आणि चिठ्ठीवर कारण लिहिलं, 'राइट हायपोकॉन्ड्रियममध्ये वेदना'. रिपोर्टच्या माथ्यावर तेच छापून आलं. काकांची नात परदेशी शिकायला जाण्यासाठी जीआरई परीक्षेची तयारी करते आहे. तिच्या शब्दांच्या यादीत 'हायपोकॉन्ड्रिअ‍ॅक' हा शब्द होता. पुढे अर्थ दिलेला होता, काही झालेलं नसताना आपण आजारी आहोत असं मानणारा माणूस. तिने तो आजोबांना भाबडेपणाने वाचून दाखवला. घरात जे बोललं जात होतं त्यावर डॉक्टरनेही शिक्का मारला, असं काकांनी धरून घेतलं. रिपोर्टात खाली काय लिहिलं होतं ते कोणी वाचलंच नव्हतं. ते शेवटी सांगतो.

आधी शब्दाचं. 'हायपो' म्हणजे खाली आणि 'कॉन्ड्रॉस' म्हणजे कूर्चा, मऊ हाड. छातीच्या खालच्या बरगड्या पुढच्या बाजूला अशा मऊ हाडाच्या असतात. त्यांच्या आडचा पोटाचा भाग म्हणजे हायपोकॉन्ड्रियम. उजवीकडे यकृत आणि पित्ताशय, डावीकडे प्लीहा. आम्ही डॉक्टर आजही पोटाचे नऊ भाग पाडतो आणि त्यातल्या दोघांना हेच नाव वापरतो. ते जागेचं नाव आहे, रोग्याच्या मनाबद्दल त्यात काहीही नाही.

मग पोटाच्या एका कोपऱ्याचं नाव माणसाच्या स्वभावाला कसं चिकटलं? काकांना ते त्या दिवशी दोन मिनिटांत सांगितलं, पण विषय डोक्यातून जाईना. नातीची यादी मागवून घेतली. सँग्विन, फ्लेग्मॅटिक, कोलेरिक, मेलॅन्कली, स्प्लेनेटिक, जॉन्डिस्ड, हिस्टेरिकल, नॉस्टॅल्जिक. ही यादी होती शब्दसंग्रहाची, पण मला मात्र एखाद्या जुन्या वॉर्डाचं रजिस्टर उघडल्यासारखं वाटलं. यातला प्रत्येक शब्द कधीकाळी कुठल्या ना कुठल्या वैद्याने रोग्याबद्दल उच्चारलेला आहे.

चार द्रव

इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी मांडलं की शरीरात चार द्रव असतात: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. त्यांचं मिश्रण समतोल असलं की आरोग्य, बिघडलं की रोग. पुढे दुसऱ्या शतकात गेलेन नावाच्या वैद्याने हा विचार पक्का केला. हा आजच्या तुर्कस्तानातल्या पेर्गमॉनचा. तरुणपणी त्याने ग्लॅडिएटर लोकांच्या जखमा बांधल्या आणि नंतर रोममध्ये सम्राट मार्कस ऑरेलियसवर उपचार केले. द्रवांच्या मिश्रणावर नुसता रोगच नाही तर स्वभावही ठरतो, हे त्याच्या लिखाणामुळे पुढची हजार-दीड हजार वर्षं वैद्यकाने गृहीत धरलं.

लॅटिनमध्ये रक्ताला सँग्विस म्हणतात. रक्त जास्त तो लालबुंद, उत्साही, म्हणून सँग्विन म्हणजे आशावादी. कफ जास्त तो थंड, संथ, सहसा न चिडणारा, म्हणून फ्लेग्मॅटिक. पिवळं पित्त जास्त तो तापट, म्हणून कोलेरिक. काळं पित्त, ग्रीकमध्ये 'मेलैना कोले', जास्त तो खिन्न, म्हणून मेलॅन्कली. 'टेंपरामेंट' या शब्दाचा मूळ अर्थच मिश्रण. 'ह्यूमर' म्हणजे ओलावा, द्रव. चांगल्या ह्यूमरमध्ये असणं म्हणजे द्रवांचं बरं चाललेलं असणं. विनोद हा अर्थ फार उशिरा आला. ज्यांना काचबिंदू आहे त्यांनी डोळ्याच्या डॉक्टरकडून 'अ‍ॅक्वियस ह्यूमर' हे शब्द ऐकले असतील. डोळ्यातल्या त्या पाण्यात हा जुना अर्थ अजून शाबूत आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे वात-पित्त-कफ आहेतच. आहेत, पण दोन्ही एकच समजू नका. आयुर्वेदाचे दोष तीन, त्यात वात आहे आणि काळं पित्त नाही. साम्य आहे ते भाषेवरच्या परिणामात. "माझं पित्त खवळलं" म्हणणाऱ्याच्या घशाशी आंबट आलेलं नसतं, त्याला राग आलेला असतो. "या पोराने वात आणलाय" म्हणणारी आई सांधेदुखीबद्दल बोलत नसते. प्रकृती हा शब्द तर आपण तब्येतीलाही वापरतो आणि स्वभावालाही.

आणि गेलेन आपल्याकडे इंग्रजीच्या आधीच येऊन राहिला होता, हे मला स्वतःला उशिरा कळलं. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गेलेनचे ग्रंथ अरबीत आणले. द्रवांच्या मिश्रणाला अरबी वैद्यकात शब्द होता मिजाज. युनानी वैद्यक, म्हणजे शब्दशः ग्रीकांचं वैद्यक, फारसीच्या वाटेने हिंदुस्थानात आलं आणि मिजाज मराठीत आला तो मिजास होऊन. "काय मिजास आहे बघा" असं म्हणताना आपण नकळत गेलेनचा सिद्धांत सांगत असतो. तब्येत हा शब्दही त्याच घरचा. अरबीत मूळ अर्थ निसर्ग, स्वभाव.

या सिद्धांताची किंमत रोग्यांनी मोजली. द्रव जास्त झाला म्हणजे काढायचा, म्हणून रक्त काढणं, जुलाब, वांत्या. १७९९ च्या डिसेंबरात जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला, तेव्हा त्या काळच्या उत्तम डॉक्टरांनी एका दिवसात त्याचं अनेकदा रक्त काढलं. तो रात्री वारला. त्याचा जीव घशाच्या सुजेने गेला असता की नाही हा वाद वेगळा, पण रक्त काढल्याने त्याला मदत नक्कीच झाली नाही.

आणि काळं पित्त? असा द्रव शरीरात नाहीच. कुठलाही अवयव तो तयार करत नाही. त्याचं घर म्हणजे प्लीहा, अशी समजूत होती. म्हणून १८ व्या शतकात इंग्रज लोक उदासीला 'स्प्लीन' म्हणत. ती इतकी बोकाळली होती की जॉर्ज चेन या डॉक्टरने १७३३ मध्ये 'द इंग्लिश मॅलडी', म्हणजे इंग्रजांचा आजार, या नावाचं पुस्तक लिहिलं. प्लीहा बिचारी जुन्या तांबड्या पेशी गाळत आणि जंतूंशी लढत बसलेली असते. मलेरियात सुजते. उदासीशी तिचा संबंध नाही. तरी इंग्रजीत मनातली चीड बाहेर काढणं म्हणजे आजही प्लीहा मोकळी करणंच.

जाता जाता जॉन्डिस्ड. इंग्रजीत याचा अर्थ पूर्वग्रहाने कलुषित झालेला. आपल्याकडेही कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. मी काविळीचे रुग्ण भरपूर पाहिले आहेत. डोळे पिवळे दिसतात ते दुसऱ्यांना, रुग्णाला सगळं नेहमीच्याच रंगात दिसतं. दोन भाषांनी मिळून एकच चूक केली आहे.

मनाचा खेळ आणि पोटाचं दुखणं

आता पुन्हा हायपोकॉन्ड्रियावर येऊ. प्लीहा आणि यकृत याच भागात, म्हणून काळ्या पित्ताचे 'वायू' इथून वर डोक्याकडे चढतात आणि माणूस खिन्न, शंकेखोर होतो, असं मानत. हायपोकॉन्ड्रियाचा रोगी म्हणजे त्या काळी खरा रोगी होता. त्याचं पोट फुगायचं, ढेकर यायचे, झोप जायची आणि मनही उदास असायचं. पुढे शरीरविच्छेदन वाढलं, वायू सापडले नाहीत, काळं पित्त सापडलं नाही. कारण नाहीसं झालं, पण नाव राहिलं आणि दोष रोग्याकडे वळला. पोटात काही नाही, म्हणजे तुझ्या डोक्यात आहे.

फ्रेंच नाटककार मोलिएरने १६७३ मध्ये अशा काल्पनिक रोग्यावर प्रहसन लिहिलं आणि त्या रोग्याचं काम स्वतः केलं. चौथ्या प्रयोगाच्या वेळी, १७ फेब्रुवारीला, रंगमंचावरच त्याची तब्येत बिघडली. त्याने ते हसण्यावारी नेऊन प्रयोग पुरा केला असं सांगतात. त्याच रात्री तो वारला. छातीचा आजार त्याला बराच काळ होता. खोट्या रोग्याचं काम करणारा माणूस खराखुरा रोगी होता.

ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना सांगतो ती गंमत म्हणून नाही. २०२३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी हायपोकॉन्ड्रियासिसचं निदान झालेल्या चार हजारांवर लोकांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना "तुम्हाला काही झालेलं नाही" म्हणायची पद्धत आहे, त्यांचा मृत्यू इतरांच्या तुलनेत लवकर होत होता. त्यात नैसर्गिक कारणंही होती आणि आत्महत्याही. आजाराची सततची भीती हाच एक आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानसूचीतून हा शब्द काढून टाकला गेला, एक कारण म्हणजे त्याचा झालेला अपमानकारक अर्थ. परीक्षेच्या यादीत तो आहेच.

हिस्टेरिकल

या यादीतला सर्वात जास्त नुकसान करणारा शब्द हा. 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय. ते शरीरात जागा सोडून भटकतं आणि बाईला गुदमरवतं, अशी ग्रीकांच्या काळापासूनची समजूत. म्हणून बाईच्या कुठल्याही न समजणाऱ्या लक्षणाला हे उत्तर तयार असायचं.

पण इतिहास सरळ नसतो. १६०२ मध्ये लंडनमध्ये मेरी ग्लोव्हर नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला झटके येऊ लागले, घसा दाटू लागला. तिच्यावर चेटूक केल्याचा आरोप एलिझाबेथ जॅक्सन या म्हाताऱ्या मोलकरणीवर आला. एडवर्ड जॉर्डन या डॉक्टरने कोर्टात साक्ष दिली की हे चेटूक नाही, हा नैसर्गिक रोग आहे, गर्भाशयाचा. त्याचं शास्त्र चूक होतं, पण हेतू एका निरपराध बाईला वाचवण्याचा होता. न्यायाधीशाने मानलं नाही आणि जॅक्सनला शिक्षा झाली. जॉर्डनने पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे हा शब्द एकेकाळी अंधश्रद्धेच्या विरुद्ध बाजूला उभा होता.

पुढे १९ व्या शतकात पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात शार्कोने हिस्टेरियाच्या रुग्ण स्त्रियांना भरलेल्या सभागृहात उभं करून प्रात्यक्षिकं दाखवली. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचं पुस्तक आलं. गर्भाशय मागे पडलं, मन पुढे आलं, तरी शब्द तोच. १९६५ मध्ये लंडनच्या एलियट स्लेटर या मानसोपचारतज्ज्ञाने हिस्टेरियाचं निदान झालेल्या ८५ रुग्णांचा काही वर्षांनंतरचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यातल्या अनेकांना नंतर मेंदूचे, मज्जासंस्थेचे खरे आजार निघाले. काही जण दगावलेही होते. त्यांच्या डॉक्टरांना रोग ओळखता आला नव्हता आणि त्यावर या शब्दाचं पांघरूण पडलं होतं. १९८० मध्ये अमेरिकन निदानसूचीतून हिस्टेरिया गेला. हेही सांगायला हवं की तपासण्या सुधारल्या तशा अशा चुका पुष्कळ कमी झाल्या. आणि मानसिक ताणातून हातपाय लुळे पडणं, झटके येणं हे खरोखर घडतं. ते नाटक नसतं, रुग्ण ते मुद्दाम करत नसतो.

हे मी इतकं लांबवून सांगतोय त्याला कारण आहे. मी एमडी करत असताना आमच्या वॉर्डात एक नवविवाहित मुलगी दाखल झाली. वय असेल बावीस. तक्रार अशी की संध्याकाळ झाली की हात वर उचलत नाहीत, केस विंचरता येत नाहीत, आवाज नाकात येतो, पाणी पिताना नाकातून बाहेर येतं. सासू म्हणाली, "सकाळी ठणठणीत असते. स्वयंपाकाची वेळ झाली की हिचं सुरू होतं." सकाळच्या राउंडला ती खरंच ठणठणीत होती. मी केसपेपरवर लिहिलं, हिस्टेरिकल. कोणी सांगितलं म्हणून नाही, माझ्या अकलेने. त्या एका शब्दानंतर तिच्याकडे बघण्याची सगळ्यांची नजर बदलली. राउंडला तिच्या कॉटपाशी आम्ही अर्धा मिनिटही थांबत नव्हतो.

चौथ्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "डॉक्टर, सगळा वॉर्ड झोपल्यावर ही हनुवटीला हाताचा टेकू देऊन बसलेली असते. जबडा उघडा पडतो म्हणते. कोणी बघत नसताना नाटक कोणासाठी करेल?" त्या रात्री मी तिला वर बघायला सांगून नुसता थांबलो. मिनिटाभरात दोन्ही पापण्या हळूहळू खाली आल्या. दुसऱ्या दिवशी सरांच्या समोर निओस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात पापण्या उघडल्या, आवाज मोकळा झाला आणि ती रडायला लागली. तिला मायस्थेनिया ग्रॅव्हिस होता. यात शरीरातली प्रतिद्रव्यं नसांकडून स्नायूंना मिळणारा निरोप अडवतात. विश्रांतीनंतर ताकद बरी असते, वापराने ती संपत जाते, म्हणून सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट. श्वासाचे स्नायू थकले असते तर ती त्याच वॉर्डात गेली असती.

केसपेपरवरचा तो शब्द मी खोडला. आम्हाला खोडताना एकच रेघ मारून सही करायला शिकवतात, म्हणजे खालचं वाचता येतं. ते तसंच राहिलं असणार.

घराच्या आठवणीने मरणारी माणसं

सगळेच शब्द याच दिशेने गेले नाहीत. नॉस्टॅल्जियाचा प्रवास नेमका उलटा झाला. आज शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुना फोटो आला की तुम्ही लिहिता, "नॉस्टॅल्जिक झालो." हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या एकोणीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे आपल्या प्रबंधासाठी घडवला. 'नॉस्टॉस' म्हणजे घरी परतणं, 'अल्गॉस' म्हणजे वेदना. तो रोगाचं वर्णन करत होता: ताप, धडधड, अन्नावरची वासना जाणं, खंगत जाणं. त्याच्या एका रुग्णाची हकिकत अशी. बर्नहून बाझलला शिकायला आलेला तरुण मरणाला टेकला होता. हे अंतर मुंबई-पुण्याहूनही कमी. शेवटी त्याला घरी न्यायला निघाले, आणि शहर मागे पडताच तो सुधारू लागला. परक्या देशांत लढणाऱ्या स्विस भाडोत्री सैनिकांमध्ये हा रोग प्रसिद्ध होता. अमेरिकेच्या यादवी युद्धातही उत्तरेच्या सैन्यातल्या डॉक्टरांनी नॉस्टॅल्जियाचे पाच हजारांहून अधिक रुग्ण नोंदवले आणि त्यातले काही मृत्यूही.

त्यातल्या अनेकांना क्षय, विषमज्वर किंवा आज आपण डिप्रेशन म्हणतो ते असावं. शब्द गोड झाला, पण ते दुखणं कुठे गेलं नाही. मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहायला गेलेल्या आजी वजन घटवून, झोप घालवून परत येतात. सगळ्या तपासण्या नॉर्मल. घरात मन लागत नव्हतं हे सांगायची त्यांना लाज वाटते, कारण मुलाने इतकं केलं. अशा वेळी मला होफर आठवतो.

एका परकी भाषा शिकणाऱ्याची चूक

आता ज्या शब्दाशिवाय तुमचा-माझा दिवस जात नाही, तो स्ट्रेस. हान्स सेल्ये मूळचा व्हिएन्नात जन्मलेला, हंगेरियन घरातला, प्रागमध्ये शिकलेला. कॅनडात मॉन्ट्रियलला संशोधन करत होता. थंडी, इजा, विष, अतिश्रम, काहीही दिलं तरी उंदरांच्या शरीरात ठरावीक बदल होतात, हे त्याने १९३६ मध्ये एका छोट्या टिपणात मांडलं. पुढे त्याने या अवस्थेला नाव दिलं स्ट्रेस. इंजिनिअर वाचकांना यातली चूक लगेच दिसेल. पदार्थावर पडतो तो स्ट्रेस आणि त्यामुळे पदार्थात होतो तो बदल म्हणजे स्ट्रेन. सेल्येने परिणामाला कारणाचं नाव दिलं. मग कारणाला नवीन नाव हवं म्हणून 'स्ट्रेसर' हा शब्द काढावा लागला. माझं इंग्रजी त्या वेळी अधिक चांगलं असतं तर मी स्ट्रेन म्हटलं असतं, असं तो नंतर म्हणत असे. इंग्रजी शब्द शिकताना चुकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आपल्याकडे स्ट्रेसच्या आधी टेन्शन आलं आणि त्याने जे केलं ते मी रोज बघतो. रक्तदाबाला आम्ही हायपरटेन्शन म्हणतो. त्यातलं टेन्शन म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरचा ताण, मनावरचा नव्हे. पण रुग्ण ऐकतो तो ओळखीचा शब्द. "मुलीचं लग्न झालं, आता कसलं टेन्शन नाही, म्हणून गोळी बंद केली." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता रक्तदाबाच्या प्रत्येक नवीन रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगतो: तुम्ही कितीही शांत असलात, निवृत्त झालात, रोज ध्यान करत असलात, तरी तुमचा रक्तदाब वाढलेला असू शकतो आणि बहुतेकांना त्याचं काहीही जाणवत नाही. गोळी टेन्शनची नाही, दाबाची आहे. ती मनाने बंद केलेल्या काही जणांना मी पुढे पक्षाघात होऊन आलेलं पाहिलंय. ज्यांच्या मनाला खरोखर टेन्शन आहे त्यांची बाजू वेगळीच. "टेन्शनचं बीपी आहे, जाईल आपोआप" म्हणून ते गोळी सुरूच करत नाहीत.

मग हे शब्द शिकायचे की नाही? जरूर शिका. १९७० च्या दशकात पीटर सिफ्निऑस या बोस्टनच्या मानसोपचारतज्ज्ञाने काही रुग्णांबद्दल एक नवीन शब्द घडवला, अ‍ॅलेक्सिथायमिया, म्हणजे भावनेसाठी शब्द नसणं. हे लोक डोकं दुखतं, पोट दुखतं एवढंच सांगू शकत. वाईट वाटतंय की राग आलाय की भीती वाटतेय, हे त्यांना स्वतःलाच उमगत नसे. २००७ मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या एका प्रयोगात चेहऱ्यावरच्या भावनेला नुसतं नाव दिलं तरी मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागाची हालचाल कमी होते असं दिसलं. नाव दिल्याने आजार बरा होत नाही, पण नाव सापडणं कामाचं आहे.

फक्त ते नाव इंग्रजीतच हवं असं नाही. माझ्याकडे येऊन "मला अँग्झायटी आहे" किंवा "मी डिप्रेस्ड आहे" म्हणणारे तरुण वाढले आहेत. त्यांना मी म्हणतो, हा शब्द बाजूला ठेव आणि काय होतं ते सांग. मग कळतं की एकाला ब्रेकअपनंतर चार दिवस वाईट वाटतंय. दुसऱ्याला दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच राम वाटत नाही, पहाटे जाग येते, जेवण जात नाही, मनात नको ते विचार येतात. दोघांनीही डिप्रेशन म्हटलेलं असतं, पण उपचार हवेत दुसऱ्याला, आणि तेही लगेच. असे विचार येत असतील तर माझ्या पुढच्या लेखाची वाट बघू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं.

उलट "छातीत धस्स होतं", "पोटात गोळा येतो", "हातपाय गळतात" असं सांगणाऱ्या मावशी अचूक माहिती देत असतात. फक्त ते कधी होतं, किती वेळ राहतं, चालल्याने वाढतं का, तेवढं जोडा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हार्ट अटॅकसुद्धा कधी कधी छातीत न दुखता येतो. दम लागतो, मळमळतं, घाम फुटतो, विलक्षण थकवा येतो. अशा वेळी घरातल्या कोणी "हिचं नेहमीचंच आहे" म्हटलं तरी ईसीजी काढून घ्या. आणि कुणा डॉक्टरने तपासायच्या आधीच तुमच्या स्वभावाबद्दल बोलायला सुरुवात केली, तर "एकदा तपासून बघता का?" असं विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. हे मी माझ्यासकट सगळ्यांबद्दल लिहितोय.

राहिला काकांचा रिपोर्ट. माथ्यावरच्या त्या शब्दाखाली चार ओळी सोडून लिहिलं होतं, पित्ताशयात अनेक खडे. पित्ताशयाची भिंतही जाडसर झालेली होती. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तिसऱ्या आठवड्यात काका टाके दाखवायला आले तेव्हा सर्जनने दिलेली छोटी बाटली सोबत होती. सतरा खडे, हिरवट-काळे. घरी ती बाटली त्यांनी शोकेसमध्ये ठेवली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. नातीने यादीतल्या त्या शब्दापुढे पेन्सिलीने लिहून ठेवलंय: आजोबा नाहीत.